अकरा मिनिटं

अध्यक्षस्थानी बसलेले बाळाराम गुरुजी, शाळेच्या मनोरमाबाई, स्टेजवरची पाहुणेमंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या राई गावच्या बायाबाप्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. नात शुभदा मेंदूच्या अभ्यासाला परदेशी चाललीय, म्हणून गुरुजी म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला." दोनात भागायचं नाही.

शुभदानेच मला समजावलंय. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, मधे बारीक फट असते. त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. एक पेशी ग्लुटामेट नावाचा रेणू सोडते, तो पलीकडच्या दारावर जाऊन बसतो. त्यातलं एक दार फार हट्टी. नुसतं बाहेरून ठोठावून उघडत नाही, त्याच वेळी आतलंही कुणी जागं असावं लागतं. उघडलं की तो जोड घट्ट होतो, आठवण बसते. "समजलं का आजी?" अगं, पन्नास वर्षं संसार केला. न उघडणारी दारं मला नवी का?

आमच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आतून कुणी उठतच नाही. आमचा महिपत, म्हणजे हिचा बाप, खाडीत बुडाला, त्याच्याही आधीपासून. ती बातमी त्याच्यात कधी बसलीच नाही. रोज विचारतो, "महिपत आयला का गो?" मी म्हणते, "येतोय. होडी बांधतोय." काय वाईट बोलते?

पण ती बातमी त्याच्यात किती वेळ टिकते, ते हिला मोजायचं होतं. वही उघडून समोर बसली. "आजोबा, बाबा बुडाले." म्हातारा छाती बडवून रडला. ही घड्याळ बघत होती. मग डोळे पुसून तो म्हणाला, "महिपत आयला का गो?" हिने लिहिलं, अकरा मिनिटं. असं तीन दिवस. मी म्हटलं, "तुझ्या बापाची शपथ, बास कर." तर म्हणते, "आजी, त्यांना कुठे आठवतंय?"

त्याला नाही गं. मला आठवतंय. माझी सगळी दारं उघडी आहेत.

त्याच वहीवर परदेशाने बोलावलं. गळ्यातला हार छान दिसतोय.

शुभदा, उद्या तो तुला शोधेल. मी एकदाच खरं सांगेन, गेली म्हणून. रडू दे तुझ्यासाठी अकरा मिनिटं. नंतर रोज म्हणेन, "येतेय." महिपतचं सांगते, तसंच.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. मी थांबत नाही. म्हाताऱ्याजवळ शेजारच्या शांताबाईला बसवून आलेय, आणि तिला अजून नीट खोटं बोलता येत नाही.