तफरकी मसावात

गणिताला प्रांत नसतो, असं थोर लोक सांगतात. थोर लोकांची बदली झालेली नसते. प्रांतरचनेच्या दुसऱ्या वर्षी आता आंध्रात असलेल्या आदिलाबादच्या टपाल कचेरीत रांगेत माझ्यापुढे गणिताचे शामराव मास्तर उभे होते आणि खिडकीत लक्ष्मणराव कारकून होता.

“पाकिटात काय हाय, मास्तर?”

“तफरकी मसावात.”

“तफरका? कोनासंगं?”

“भांडण नव्हे, बाबा. हैदराबादेत आम्ही उर्दूतून शिकलो. एका जातीच्या समीकरणाला तिथं असं म्हणत.”

“मंग सोडवा ना घरीच.”

“सोडवलं. पण त्याची उत्तरं निघतात हजार. कोणी एका रेघेवरच्या किमती दिल्या, की त्यातलं एक ठरतं. रेघ गणिताचेच दुसरे मास्तर, विठ्ठलराव, द्यायचे, उत्तर मी काढायचो. अकरा वर्षं स्टाफरूममध्ये हेच चाललं.”

“आता शाळेत दुसरं कोनी नाई?”

“नवे मास्तर भले आहेत. त्यांना माझी उर्दू कळत नाही, मला त्यांची तेलुगू.”

“अन् विठ्ठलराव?”

“नांदेडला गेले, मुंबई राज्यात. जूनपासून त्यांची रेघ नाही.”

“मंग हे सातवं पाकीट काऊन धाडून राह्यले? त्याईचं कार्ड आलं ना. सकाळीच वाचलं म्या.”

“तू वाचलंस?”

“उघडं कार्ड, त्यात मराठी. नाई कसं वाचनार?”

“रेघ दिली आहे का?”

“नाई. तब्येत बरी हाय म्हनते. तिकडं त्याईले भूगोल शिकवाले देला.”