चादरींच्या खोलीतला वर्ग

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या. एक पिकल्या केसांची, दुसरी नवखी.

“ताई, मेट्रननी खरंच नोटीस दिली तुम्हाला?”

“दिली. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत विनापरवानगी वर्ग भरवते म्हणून.”

“पण तुम्ही हृदयाचा आलेख वाचायला शिकवलंत, म्हणून तर परवा वॉर्डातल्या त्या आजोबांच्या ठोक्यांतला बिघाड मला कळला!”

“तेच झोंबलंय. आलेख वाचणं डॉक्टरांचं काम, म्हणे.”

“डॉक्टर वीस मिनिटांनी उगवले. मला कळलं नसतं, तर तोवर आजोबा राहिले असते का?”

“हे त्यांना कोण सांगणार?”

“मग माफी लिहून दिलीत?”

“लिहून दिलं, की आता आम्ही अकराजणी झालोय, खोली पुरत नाही, मोठी द्या.”

“अगंबाई! आणि नाही दिली तर?”

“जिन्यात बसू. तू तयारी करून ये. उद्या शिकवायची पाळी तुझी.”