एका खोलीत दोन सॉफ्टवेअर

दातांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाईंची दाढ ठणकत होती, पण कान होते शेजारच्या नणंद-भावजयीकडे. नणंद मासिक काढायची, भावजय यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. दोघींची कचेरी म्हणजे घरातलीच एक खोली.

“वहिनी, पानं लावायला तुमचं सॉफ्टवेअर घेतलं, तर त्यानं कवितेच्या ओळींना आकडे घातले. पायरी एक, पायरी दोन!”

“आणि तुझ्यात मी पंपाचं पुस्तक लावलं. मध्ये एक आकृती वाढली, तर पुढचे सगळे आकडे हातानं बदलत बसले. एक राहिलाच. वाचणाऱ्यानं भलतंच झाकण उघडलं असतं.”

“तरी एकच सॉफ्टवेअर घ्या म्हणे! कुणाचा हट्ट? तुमच्या नवऱ्याचा.”

“नवरा माझा, पण आधी भाऊ तुझा.”

“मग दोन्ही ठेवू या?”

“हुश्श! मला वाटलं, एकच ठेवलं, तर एकीला खोली सोडावी लागणार.”

“मलाही. म्हणून तर तुमचं शिकत होते. तुम्ही गेलात, तर तुमची पुस्तकं अडायला नकोत.”

“आणि मी तुझं कशाला शिकत होते गं?”

तेवढ्यात शिक्षिकाबाईंचा नंबर पुकारला. गाल दाबून धरत त्या म्हणाल्या, “मागच्यांना घ्या हो, मला काही घाई नाही.”