सरांच्या घरची हळद

प्रतिक्षा : चहा ठेवू नको. मी भांडायला आले. आधी सांग, सरांनी हळद तुला मागितली का न्हाई?

सपना : मागितली. बस तरी. एवढ्या उन्हात नरसीहून स्कुटी हाणत आलीस, पाणी पी.

प्रतिक्षा : किती मागितली?

सपना : वर्षभराची. दळून.

प्रतिक्षा : बघ! आमच्या वावरात हळदीचे ढीग पडलेत. दादानं पंधरा दिवसांमागंच शिजवली, आता वाळत आली. आन् सरांनी मागावी कुणाला? जिच्या घरी वाफाभर हळद न्हाई, तिला!

सपना : मी बाजारातून विकत आणली.

प्रतिक्षा : आन् सरांना सांगितलं, आमच्या शेतातली म्हणून?

सपना : ते म्हणाले, ‘तुमच्या घरची आणा.’ मी म्हणाले, ‘हो सर.’ आपण दुसरं काही म्हणतो का कधी त्यांना?

प्रतिक्षा : म्या काय कमी केलं गं त्यांचं? चार वर्षं झाली आपल्याला त्यांच्या हाताखाली पीएचडीला. त्यांचे लेख म्या टाईप करून दिले. मॅडमला दवाखान्यात म्या नेलं. पोरीच्या लग्नात पंगती वाढू वाढू कंबर गेली माझी. आन् सेमिनारात पेपर कोण वाचणार? तू! काल मलाच म्हणतात, ‘सपनाकडून शिका जरा.’ रातभर डोळ्याला डोळा न्हाई. जळून राहिले मी. सरळ सांगते, तोंडावर.

सपना : मीपण जळलेय तुझ्यावर.

प्रतिक्षा : माझ्यावर? कशापायी?

सपना : त्याच लग्नात. तुला पंगतीत घेतलं आणि मला मांडवाच्या तोंडाशी उभं केलं, चपलांवर लक्ष ठेवायला. खरं तर सरांचा राग यायला पाहिजे होता. मला आला तुझा हेवा. आठ दिवस बोलले नाही तुझ्याशी.

प्रतिक्षा : मला वाटलं, तुला ताप आला.

सपना : ताप नव्हता. बरं, मला एक सांग. आपण ज्या कादंबरीवर पेपर लिहिला, तिच्या बाराव्या प्रकरणात काय होतं?

प्रतिक्षा : आता हे काहून? परीक्षा घेऊन राहिलीस का माझी?

सपना : सांग तर.

प्रतिक्षा : रावसाहेब त्यांच्या बायकोला, त्या द्वारकेला म्हणतात, दार उघडं आहे, तुला पाहिजे तिकडं जा. ती जात न्हाई.

सपना : आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?

प्रतिक्षा : सवतीशी भांडते. रावसाहेबांच्या आंघोळीचं पाणी कुणी काढायचं, म्हणून. हंडाच ओढतात दोघी.

सपना : शंभर वर्षं सगळे त्याला निष्ठा म्हणत आले. आपण काय लिहिलं?

प्रतिक्षा : निष्ठा न्हाई, भीती. मनोविश्लेषणवाले म्हणतात, माणूस मोकळीक मागतो, पण मिळाली की गडबडतो. मोकळं म्हणजे एकटं. ते सोसत न्हाई. मग कुणातरी मोठ्याच्या पायाशी जाऊन बसतो आन् त्यालाच प्रेम म्हणतो. मला तोंडपाठ आहे सगळं. ते पान माझं होतं, सपना. तू वाचणार म्हणून तुझं झालं न्हाई.

सपना : तुझंच आहे. तेच घेऊन मी परवा सरांपुढं बसले होते. सर खूश! म्हणाले, ‘वा! त्या बाईला स्वतःची गुलामी दिसतच नाही, बघा.’ आणि त्याच दमात, ‘हळद सोमवारी पोचवा.’ मी म्हणाले, हो सर. हसून म्हणाले गं. जिना उतरताना मनात पहिलं काय आलं असेल? प्रतिक्षाला नाही मागितली! इतका आनंद झाला मला. खाली आले आणि तिथंच पायरीवर बसले.

प्रतिक्षा : म्हणजे आपण त्या दोघी, असं म्हणून राहिलीस? मला त्यांच्यात धरू नको हां.

सपना : तुला नाही धरत. स्वतःला धरलं. मी गाईड बदलून मागितलाय. सकाळीच अर्ज दिला.

प्रतिक्षा : काय! डोकं फिरलं का तुझं? चार वर्षं पाण्यात! दुसरं कोण घेईल तुला? सर कुणाला घेऊ देतील?

सपना : नाही देणार. मला माहीत आहे.

प्रतिक्षा : मग सेमिनार?

सपना : तू वाच. सरांनी तुलाच सांगावं, असं वाटत होतं ना तुला?

(प्रतिक्षाचा फोन वाजतो.)

प्रतिक्षा : सरांचा आहे... नमस्कार सर. हो सर. न्हाई सर, मला तिनं काहीच सांगितलं न्हाई... हो सर, चुकलंच तिचं. मी आहे ना सर... भरपूर आहे सर, आमच्या घरचीच. सोमवारी, हो सर. हो सर. हो सर.

सपना : काय म्हणाले?

प्रतिक्षा : म्हणाले, ‘आता तूच माझी खरी विद्यार्थिनी.’ आजपासून अगं-तुगं करू लागले.

सपना : हेच पाहिजे होतं ना तुला?

प्रतिक्षा : व्हय, हेच. काल म्हणले असते, तर साऱ्या नरसीत पेढे वाटले असते म्या.

सपना : मग तोंड का पाडलंस?

प्रतिक्षा : तुला भ्या न्हाई वाटून राहिलं?

सपना : वाटतंय की. उद्या उठून कुणाला विचारायचं, काय करायचं, काहीच कळत नाही.

प्रतिक्षा : मेले, मला तुझ्या त्या भ्याचासुद्धा हेवा वाटून राहिला.