‘मुलं तर छान वावरतात!’

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, विश्वस्त मंडळी, मुख्याध्यापक सर, पालकहो, आणि माझ्या पावलांवरूनच ज्यांनी मला ओळखलं ती समोरची पोरं, सगळ्यांना नमस्कार.

सगळं बदललं ते एका वाक्यानं. इमारत निधीच्या तपासणीला आलेले साहेब जिन्याखाली उभे राहून म्हणाले, “अरे वा, मुलं तर छान वावरतात!” तेच साहेब आज आपले प्रमुख पाहुणे आहेत. त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. म्हणजे, सरांनी तसं बजावलंय.

मी कर्मचाऱ्यांच्या वतीनं बोलतोय. प्राध्यापकांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडलं आणि इथे वायरमन म्हणून लागलो. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतला दिवा बदलत होतो. ब्रेलच्या बाई, ज्यांना आज आपण निरोप देतोय, त्या अंधारात बसून पोरांचे कागद बोटांनी तपासत होत्या. त्यांनी विचारलं, “लागला का?” मी म्हटलं, “लागला.” तर म्हणतात, “बरं झालं. आता तुम्ही तरी खुर्चीला धडकणार नाही.”

त्या दिवसापासून या शाळेतला एकही दिवा मी वेळेत दुरुस्त केला नाही. काम संपलं तर इथून जावं लागलं असतं. हसा रे, हसा. तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं.

बाईंचा नियम पाहुण्यांना सांगतो. दार एक तर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दाराची कड थेट कपाळावर बसते. दार तसं ठेवलं म्हणून विश्वस्तांनाही त्यांनी झापलंय.

तर ती तपासणी. भिंतींना ओल, हलणारा कठडा, वऱ्हांड्याच्या छताला टेकू आणि जिन्यातली ती तुटकी पायरी. बाईंनी पोरांकडून सगळं घटवून घेतलं होतं. “तुटकी आली, लांब पाय!” साहेब येणार म्हणून पोरं भांग पाडून आली आणि त्यांच्यासमोर धडाधड जिना उतरली. पाहुण्यांसाठी आपण घर आवरतो ना, तसं त्यांनी आपलं अडखळणं आवरून ठेवलं. जाताना त्या पायरीवर अडखळले ते फक्त साहेब. हात मीच धरला होता. आठवतंय ना, साहेब?

शेरा आला, ‘इमारत वापरण्यास योग्य.’ निधी दुसरीकडे गेला. मग सुट्टीत वऱ्हांड्याचं छत खाली आलं. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. आता शाळा बंद. काही पोरं दूरच्या शाळेत जातायत, बाईंबरोबर. काही घरीच बसणार, आणि ती का बसणार हे विचारायला कुणी येणार नाही.

आणि बाई म्हणतात, “शाळा मी बंद पाडली. एकाला जरी पडू दिलं असतं तर!”

बाई, पोरांना चालायला शिकवणं हा गुन्हा झाला का? सरकारी पैसा यायला पोराचं डोकंच फुटावं लागतं का? साहेब, तुम्हाला पायरी तपासायला पाठवलं होतं. तुम्ही पोरं तपासून गेलात. आणि आज त्याच चालण्याबद्दल बाईंना मानपत्र देताय?

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली. आवरतो.

काल मी बाईंना विचारलं, “मीही येऊ का तिकडे?” त्यांनी हातातले कागद पिशवीत भरले. मग म्हणाल्या, “तुम्ही बोललात की मला तो जिना ऐकू येतो. नका येऊ.” म्हटलं, “निदान वाट बघू?” तर म्हणाल्या, “माझा नियम माहीत आहे ना?”

माहीत आहे.

संस्थेनं ठेवून घेतलं, सरांनी सांभाळून घेतलं, पोरांनी दादा म्हटलं, सगळ्यांचे आभार. रागाच्या भरात काही वेडंवाकडं बोललो असेन तर पदरात घ्या. साहेब, तुम्ही मात्र माफ करू नका. लक्षात ठेवा.

बाई, तुमची गाडी फाटकात लागली आहे. तुम्ही निघाल तेव्हा मी इथे नसेन. बाजूच्या दारानं जातोय. त्याची कडी बसत नव्हती, ती सकाळी दुरुस्त केली. या शाळेतलं वेळेत केलेलं माझं एकच काम.

आवाज ऐका, बाई. पूर्ण लावतोय.