मामांचं मत आणि जिन्याखालची डबी

आमच्या मामांना एकदा बातम्या लावून दिल्या की संपलंच. महापालिकेच्या मतदानाचा आठवडा, आणि टीव्हीवर दिवसभर अतिरेकी हल्ल्याचीच चर्चा. मामा समोरून हलेनात. मामी म्हणाली, "पाचव्या दिवशी पाणी येतंय, त्याचं बघा की." मामा म्हणाले, "पाण्याचं ऱ्हाऊ दे. जिवंत ऱ्हायलीस तर पिशील. यंदा मत सुरक्षेलाच."

तेवढ्यात जिन्याखाली टीं-टीं सुरू झालं. मामांनी वाकून बघितलं, तर काळी डबी आणि तिला लाल वायर.

"बॉम्ब हाय! पळा!"

अख्खी गल्ली रस्त्यावर आली. आणि मामी? घागर घेऊन उलटी घराकडं निघाली.

"अगं, मरायचंय का तुला?" मामा ओरडले.

"पाणी आलंय! कालच जिन्याखालच्या नळाला अलार्म बसवून घेतला, पाणी आलं की वाजतो. तुमाला सांगितलं की, पण तुमचं ध्यान टीव्हीत!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जो तो हसत घरातले हंडे काढायला पळाला. मामांच्या हातात बादली देत मी विचारलं, "मग मामा, मत कुणाला?"

मामांनी घाम पुसला. "आदी त्यो टीव्ही बंद कर. पुढच्या येळी टीं-टीं झालं, की बॉम्ब न्हाई, पाणी आठवायला पायजे."