बाबांचा हात आणि कांदेपोहे

ऑफिसवाल्यांना शिव्या घालताय, घाला. पण आमच्या बाबांची अपंगत्वाची पेन्शन वर्षभर जास्त रखडली, ती आमच्या घरच्या कांदेपोह्यांमुळे.

सातपूरच्या कारखान्यात प्रेसखाली त्यांचा उजवा पंजा गेला होता. त्यातच ताईला बघायला घोटीहून मुलाचे मामा येणार होते. आई म्हणाली, "हाताचं इतक्यात कळायला नको." बाबांना शाल पांघरवून कोपऱ्यात बसवलं.

दारात बॅग घेतलेले एक गृहस्थ आले. काकांनी त्यांना बोलूच दिलं नाही, थेट आत नेऊन पोहे पुढे केले. खाता खाता त्यांनी बाबांकडे बघून विचारलं, "यांची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत," आई म्हणाली.

"अहो, अजून ओव्हरटाइम करतात," काका म्हणाले.

गृहस्थांनी बशी खाली ठेवली. "मी कामगार विम्याच्या ऑफिसातून आलोय. पेन्शनसाठी यांचा हात बघायचा होता."

त्या दोन वाक्यांपायी पुढे सगळी चौकशी नव्यानं लागली. त्याचं एवढं नाही वाटत. बाबांनी तेव्हाही हात बाहेर काढला नाही. आधी आईकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दाखवू का आता?"